देव मानावासा वाटतोय पण जमत नाहीये, कोणाचं असं झालंय का?

कोरडा_पाषाण:
नमस्कार मंडळी. देव आहे की नाही यावर इथे आधीच ढीगभर धागे आहेत, वाचलेत मी, त्यामुळे तो वाद नको प्लीज. माझा प्रश्न वेगळा आहे. वय ४१, जन्मापासून नास्तिक म्हणा, घरात देवघरच नव्हतं, सोसायटीच्या गणपतीत बाबा फक्त मोदकापुरते खाली उतरायचे. गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांना पटलं नसतं पण काकांच्या आग्रहाखातर दहावा केला, घाटावर सगळे पिंडाकडे बघत उभे, कावळा शिवेना, शेवटी काका कानात म्हणाले "आईला सांभाळीन म्हण", मी मनात म्हटलं काय हा बावळटपणा, पण म्हटलं, आणि दोन मिनिटांत कावळा आला आणि मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो. कावळ्याला भूक लागली होती हे मला कळतं हो. तरी पण.

मग यंदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर माऊलींच्या पालखीत एक दिवस चाललो, पुणे ते सासवड. दिवे घाटात ग्रुप कुठे गायब झाला देव जाणे (बघा, सवय), एका आजोबांनी विचारलं कोणच्या दिंडीचे, म्हटलं कोणच्याच नाही, तर म्हणे "मग आमच्यात चाला की." बस, एवढंच. चमत्कार बिमत्कार काही नाही. सासवडपर्यंत त्यांच्यात चाललो, हातात टाळ दिले ते पण वाजवले उलटेसुलटे. घरी आल्यापासून वाटतंय की त्या लोकांकडे जे आहे ते आपल्यालाही हवंय, पण डोळे मिटले की समोर कोणीच नसतं, नुसता अंधार आणि उद्याची मीटिंग. जे आधी मानत नव्हते आणि आता मानतात त्यांनी सांगा ना, नक्की काय झालं?

जुनं_खोड:
तुमचा प्रश्न फार जुना आहे. सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती पास्काल, त्याची ती पैज सगळ्यांना माहितीये, देव असला तर फायदाच, नसला तर फारसं नुकसान नाही वगैरे. मला ती पैज कधीच आवडली नाही, वाण्याचा हिशोब वाटतो. पण त्याच्या पुढचा भाग लोक वाचतच नाहीत. तिथे समोरचा माणूस अगदी तुमच्यासारखंच म्हणतो, की अहो माझी घडणच अशी आहे की मला विश्वास ठेवता येत नाही, मी काय करू. तर पास्काल पुरावे देत नाही, तो म्हणतो तुझ्यासारखे जे आधी होते त्यांनी काय केलं ते बघ, विश्वास असल्यासारखं वागायला लागले, तीर्थ घेतलं, प्रार्थना म्हणवल्या, तू पण तिथून सुरुवात कर.

आता तुकोबा घ्या. नास्तिक नव्हते ते, घरात पिढ्यान्पिढ्या विठोबा, पण स्वतःची हकीगत सांगितलीये त्यातला क्रम बघा. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, धंदा बुडाला, एक बायको अन्न अन्न करत गेली. त्यानंतर काय, तर देऊळ मोडकळीला आलं होतं ते नीट करावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन करायला लागले, आणि इथे ते स्वतः कबूल करतात की सुरुवातीला चित्त अभ्यासात नव्हतं! मग संतांची वचनं पाठ केली, पुढे गाणारे असायचे त्यांच्यामागे धृपद धरलं. म्हणजे आधी हात, मग तोंड, मन सगळ्यात शेवटी. तुम्ही मनापासून सुरुवात करताय म्हणून अडलंय असं मला वाटतं.

तर्कटराव:
खोडकाका, हे सगळं ठीक आहे पण याने देव सिद्ध होत नाही, सवय सिद्ध होते. हेच मशिदीत रोज पाच वेळा केलं तर अल्ला पटेल आणि चर्चमध्ये दर रविवारी केलं तर येशू पटेल, मग खरा कुठला? आणि वादातून देवापर्यंत पोचलेला एक माणूस मला माहितीये, अँटनी फ्लू, ब्रिटिश तत्त्वज्ञ, आयुष्यभर नास्तिकांचा वकील, २००४ मध्ये ८१ व्या वर्षी जाहीर केलं की आता मी मानतो, डीएनएची गुंतागुंत बघून वगैरे. पण त्याला मिळाला कसला देव? तुमच्या आमच्या आयुष्यात ढवळाढवळ न करणारा, मेल्यानंतर काही आहे असंही म्हणणं नाही. असला देव दहाव्याच्या दिवशी काय कामाचा सांगा.

पाषाणभाऊ, तुम्हाला वडील हवेत हो, देव नाही. वाईट वाटून घेऊ नका, माझे गेले तेव्हा मी पण वर्षभर असाच भिरभिरत होतो. फक्त एक सांभाळा, अशा वेळी बाबा बुवा लोकांना वास लागतो. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला खरा, पण स्वतःच्या पायाने दरबारात जाऊन बसणाऱ्याला कायदा काय करणार.

माळकरीण:
तर्कटरावांचा बाबा-बुवांबद्दलचा मुद्दा १००% बरोबर. बाकी माझं सांगते. माहेर कम्युनिस्ट, सासर वारकरी, प्रेमविवाह, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार हाहा. सासूबाईंनी कधी जबरदस्ती केली नाही पण कार्तिकात पहाटे काकड्याला त्या निघाल्या की मला पण जाग यायची, मग नुसतं पडून काय करायचं म्हणून जायला लागले, देवळात बायका एकमेकींना चहा देतात, गप्पा होतात, मला ते आवडायचं, देवाचा काही संबंध नव्हता. असं सात आठ वर्षं. हरिपाठ कधी पाठ झाला कळलं पण नाही.

मग मुलगा ६ वर्षांचा असताना डेंग्यूने आयसीयूत होता, प्लेटलेट्स खाली खाली चाललेल्या, रात्री बाहेरच्या बाकावर बसले होते आणि लक्षात आलं की आपण मघापासून हरिपाठ म्हणतोय. मुलगा बरा झाला तो डॉक्टर आणि सलाईनमुळे, विठ्ठलाने वाचवला असं मी कधीच म्हणत नाही, कारण शेजारच्या बेडवरचा मुलगा गेला आणि त्याची आई पण माळकरी होती. म्हणून नवस मी बोलत नाही, अजूनही नाही. पण त्या रात्री मी एकटी बोलत नव्हते, कोणीतरी ऐकत होतं एवढं मला वाटलं, आणि ते वाटणं नंतर गेलं नाही. याला पुरावा नाही, तर्कटराव, मागू पण नका.

पाषाणदादा, एक प्रॅक्टिकल सल्ला: लगेच माळ घालू नका. माळ घातली की मटण सुटतं, एकादशा आल्या, वारी आली. उत्साहात घालणारे खूप बघितलेत, गटारीच्या आदल्या दिवशी खुंटीला टांगतात.

मधलीसुट्टी:
एक भर टाकतो, वाद नाही. आपल्याकडे शास्त्रात नास्तिक म्हणजे वेद न मानणारा, देव न मानणारा नव्हे. मीमांसक वेद मानणार, यज्ञ अगदी काटेकोर करणार, पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांना लागतच नाही, आणि तरी ते आस्तिक! आणि गांधीजी आधी म्हणायचे ईश्वर सत्य आहे, नंतर उलटवलं, सत्य हाच ईश्वर, १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सांगितलं, कारण काय तर सत्य नास्तिकालाही नाकारता येत नाही. तेव्हा तुम्ही अगदीच दाराबाहेर आहात असं नाही.

तर्कटराव:
म्हणजे नाव बदललं की झालं का? मग मी माझ्या बुलेटला ईश्वर म्हणतो, रोज पुसतो पण.

कोरडा_पाषाण:
सगळ्यांचे आभार. तर्कटराव, तुमचं "वडील हवेत" वाचून फोन बाजूला ठेवला दोन दिवस. खरं असेल. पण ताईंचा चहा पण डोक्यातून जात नाहीये, म्हणजे सात आठ वर्षं नुसता चहा चालतो तर मला घाई कशाची आहे.

त्या आजोबांचा नंबर होता, 'दिंडी आजोबा' म्हणून सेव्ह केलेला. काल लावला. म्हटलं पुढच्या वर्षी पूर्ण यायचंय, पण खरं सांगतो माझा देवावर विश्वास नाही, चालेल का. तिकडून जरा वेळ काही आवाजच नाही, मला वाटलं कट झाला. मग म्हणाले, "चप्पल नवी घेऊ नका बरं का, जुनीच आणा. नवी चावती."