१९९४ ची टाटामोबाइल पिकअप ७० हजारांत: ठेवा म्हणून घ्यावी की भंगार म्हणून सोडावी?

बुटीबोरीवाला
काटोलच्या पुढे एका बागायतदाराच्या गोठ्याला लागून टाटामोबाइल २०६ उभी आहे. १९९४ ची, एमएच-३१ म्हणजे नागपूरचं पासिंग, घरातलीच, दुसऱ्या हातात गेलेली नाही. ९० हजार म्हणतात, ७० ला येतील. इंजिन मूळचं आहे, केबिन शाबूत आहे, फाळका मात्र खालून कुजलाय.

माझं म्हणणं असं की आज भंगारात जाणारी ही गाडी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लोक शोधत फिरतील. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९८८ मध्ये ही आणली तेव्हा त्यांची ओळख मोठ्या ट्रकची होती. हिच्याच सांगाड्यावर १९९१ ची सिएरा मोटार आली आणि १९९२ ची इस्टेट आली. जुनी सिएरा धड अवस्थेत असली तर मालक आज तोंडाला येईल तो आकडा सांगतो. कंपनीनं २०२५ मध्ये ते नावसुद्धा पुन्हा बाजारात आणलं. आणि जिच्यापासून सिएरा झाली ती शेळ्यांच्या बाजूला उभी! पिकअप कोणी जपून ठेवल्या नाहीत, म्हणून उरल्यात कमी. कमी उरलं की भाव येतो. चुकतोय का?

हिशोबनीस
चुकतोयस. कमी उरलं म्हणून भाव येत असता तर जुन्या कूलरच्या टाक्यांनाही आला असता.

भाव हौसेला येतो. यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल बघ. १९८५ ते ९६ मध्ये जी पोरं कॉलेजच्या फाटकावर उभी राहून तिचा आवाज ऐकत होती, त्यांच्या हातात आता पैसा आहे. तेव्हा घेता आली नाही ती आता घेतात. जिप्सीचं तेच, कॉन्टेसाचं तेच. टाटामोबाइल घ्यायचं स्वप्न धरमपेठेत कोणत्या पोराला पडत होतं? ती कळमन्याला माल टाकून रिकामी परत येणारी गाडी. नवी होती तेव्हाही कोणी वळून पाहिलं नाही.

आणि अमेरिकेचे व्हिडिओ बघून हे डोक्यात घेतलं असशील तर तेही सांगतो. तिथे फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून सर्वाधिक खपणारा पिकअप आहे. डॉक्टरही तोच चालवतो, सुतारही तोच. आजोबांची गाडी नातू रंगवून घेतो ते त्यामुळे. आपल्याकडे पिकअप म्हणजे धंद्याची पिवळी पाटी आणि रोजचं भाडं.

गणित मांडू? ७० हजार गाडी. पंप-नोझल, कमानपाटे, पाच टायर, डेंटिंग-पेंटिंग धरून दीड लाख कुठे जात नाही. वर दरवर्षी विमा, पासिंग. दहा वर्षांत तीन-साडेतीन लाख घातल्यावर मग गिऱ्हाईक शोधायचं.

काटोलकर
भाऊ, गणित मांगाहून करजा. पयले गाडीच्या खाली झोपून पाहा.

संत्र्याच्या बगीच्यातली गाडी हाय म्हन्ता न? मंग तिच्यात युरिया, सुपर फॉस्फेट, शेणखत सारं भरलं असन. खताची पोती फाटते, दाणे हौद्याच्या सांदीत जाते, पहिल्या पावसाचं पाणी पडलं का तिथून पत्रा खाणं सुरू. वरून रंग चकाचक दिसते. हौद्याखालचे आडवे चॅनल पेचकसानं टोचून पाहा. पेचकस आत गेला तर समजा गेली. केबिन चांगली हाय म्हणून खूश होऊ नका, केबिनमदी कोणी खत ठेवत नाई.

दुसरं, चेसी, म्हंजे खालचा सांगाडा. आमच्याकडे एक टनाच्या गाडीत दोन टन संत्रा जाये. हंगामात कोण वजन पाह्यते? माह्या काकाची टाटा २०७ होती, तिची चेसी बीचोंबीच बसली होती. उभी असली का हौदा न केबिन एकमेकाकडे पाहून राह्यले असं वाटे. विकली भंगारात.

पण एक गोष्ट चांगली. आपलं ऊन कोरडं हाय. मुंबई-कोकणात समुद्राच्या खाऱ्या हवेनं चेसी सडते तशी इथं सडत नाई. इथं रबर न प्लॅस्टिक मरते. दाराचे रबर, डॅशबोर्ड, वायरिंग. ४५-४६ डिग्रीत तीस उन्हाळे काढले तिनं.

कागद आधी
गंजापेक्षा आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, महत्त्वाची. मूळ पोस्टमध्ये तिचा उल्लेखच नाही, यातच सगळं आलं.

'व्हिंटेज' हा शब्द आपल्याकडे कायद्यात आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपातली, धंद्याला न लावलेली गाडी त्यात बसते. नोंदणीला २० हजार लागतात, पाटीवर 'व्हीए' येतं. ती गाडी रोज फिरवताही येत नाही. प्रदर्शन, रॅली, डिझेल भरणं, दुरुस्ती, एवढंच. १९९४ ची गाडी पन्नाशीलाच पोचणार २०४४ मध्ये. तोपर्यंत ती कायद्याच्या लेखी निव्वळ जुनी मालवाहू गाडी आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहूला दरवर्षी फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला) लागतं, वर हरित कर.

खासगी पाटी असती तरी स्वस्त नव्हतं. १५ वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे ६०० रुपये एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाले, २० वर्षांवरच्यांसाठी २०२५ मध्ये १० हजार. पिवळीची पांढरी पाटी करून देतो असं एजंट सांगेल. पैसे देण्याआधी स्वतः आरटीओच्या खिडकीवर जाऊन विचारा. मी एजंटच्या शब्दावर घेतलेल्या जीपचे कागद अकरा महिने फिरत होते. शेवटी गाडी सुटी करून विकली.

आणि कोणी सरकारी लिलावातली जुनी गाडी स्वस्तात देत असेल तर लांबूनच नमस्कार. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपतेच, नूतनीकरण नाही.

हिशोबनीस
घ्या. मी म्हणत होतो ते कायद्यानंच सांगितलं.

नंदनवनची ताई
हिशोबनीस, "नवी होती तेव्हाही कोणी वळून पाहिलं नाही" हे मात्र खरं नाही हो.

माझ्या बाबांची होती. कॉटन मार्केटला पहाटे तीनला निघायचे. आठवड्याचे सहा दिवस हौद्यात वांगी-कोबी आणि सातव्या दिवशी हौदा धुऊन, सतरंजी टाकून, आम्ही दहा जण रामटेकला. मावशीच्या लग्नात नवरीची पेटी, आलमारी आणि बँडवाल्यांचा ढोल एकाच खेपेत त्यातूनच गेला. चुलतभावंडं अजून त्याच गाडीच्या गोष्टी काढतात, काकांच्या अँबेसेडरच्या नाही.

तुम्ही धरमपेठेच्या पोरांची हौस मोजली. भाजीवाल्याच्या, वीटभट्टीवाल्याच्या पोरांकडे आता पैसे आलेत, ते काय शोधतील? माझा भाऊ दुबईहून आला की दरवेळी विचारतो, "बाबांची गाडी कोणाला विकली होती गं?" त्याला आरएक्स १०० चं काही नाही.

भाव येईल की नाही ते मला कळत नाही.

हिशोबनीस
ताई, तुमच्या भावाला *बाबांची* गाडी हवी आहे. काटोलच्या कोणाच्या गोठ्यातली नाही. आठवण एका गाडीची असते, बाजार अख्ख्या मॉडेलचा लागतो. तरी ते वाक्य मागे घेतो. जास्त बोललो.

धुरकट
सगळे दहा-वीस वर्षांनी काय होईल ते बोलतायत. आज काय मिळतं ते बघा ना. त्या इंजिनात ईसीयू (इंजिनाचा संगणक) नाही, सेन्सर नाही. पंप, नोझल, फिल्टर; वाडीतला कोणताही जुना मिस्त्री झोपेत खोलतो. यांत्रिक सामान अजून मिळतं. अडतं ते काच, दाराची बीडिंग, दिव्याच्या फ्रेमा यांच्यावर. ते सिएरावाले आधीच उचलून नेतात, कारण पुढचा बराच भाग त्यांना चालतो.

आणि खरा धोका तोच आहे. सिएराची किंमत वाढली तशी या पिकअप सुट्या भागांसाठी कापल्या जातायत. बुटीबोरीवाला, तू नाही घेतलीस तर कोणीतरी नाक कापून नेईल आणि उरलेली भंगारात.

ठेवा म्हणून पैसे लावायचेच असतील तर टाटा झेनॉन एक्सटी किंवा स्कॉर्पिओ गेटअवे घे. दुहेरी केबिन, घरच्यांना बसता येतं, आणि दोन्ही आता बंद आहेत. आपल्याकडे पिकअपची 'हौस' सुरू झाली ती तिथून. पुढे २०१६ ला इसुझूची व्ही-क्रॉस आली. पण त्या ७० हजारांत कोणी देत नाही, म्हणून तर तू गोठ्यात शिरलास.

काटोलकर
झेनॉनले पार्ट भेटत नाई भाऊ, हे पन सांगा.

धुरकट
भेटतात. वाट पाहावी लागते.

काटोलकर
हाव ना. तेच म्हनून राह्यलो.

बुटीबोरीवाला
रविवारी जाऊन आलो. काटोलकर, पेचकस नेला होता. मागच्या बाजूचे दोन चॅनल गेलेत, पुढचे टणक आहेत. चेसी सरळ वाटली, दोरी लावून पाहिली. नंबर जुळला. फिटनेस मात्र २०१७ लाच संपलंय आणि कराचं त्यांना आठवत नाही. पुस्तकावर बँकेचा बोजा अजून तसाच आहे. कर्ज कधीच फिटलं म्हणतात, बोजा उतरवायला कोणी गेलंच नाही.

मी ५० म्हटलं. गाडीचे मालक आजोबा हसले आणि चहा मागवला. निघताना म्हणाले, बोजा मी उतरवून देतो, पासिंगचं तू बघ, ५५. त्यांचा नातू मागे उभा राहून नकारार्थी मान हलवत होता. त्याला विकायची नाही की मी फसतोय असं सांगायचं होतं, ते कळलं नाही.

कागद आधी
बोजा उतरल्याची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. एक रुपयासुद्धा.

हिशोबनीस
५५ ला मी गप्प बसतो. ५५ च्या वर गेलास तर इथे येऊन सांगू नकोस.

काटोलकर
आणाले जासान तवा चालवत आणू नका, विमा नाई न पासिंग नाई. क्रेनवाल्याले सांगा. न हौद्यातल्या कोंबड्या उतरवून घेजा पयले.