बाभूळ ‘अकॅशिया’ राहिली नाही, आपल्या वावराले काय फरक पडला?

वावरातला, मोर्शी:
पोरीच्या पुस्तकात व्हिटेकरचं पंचसृष्टी वर्गीकरण आहे, १९६९ चं. त्यानंतर कार्ल वूझने १९९० मध्ये सगळे सजीव तीन डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्यात मोठ्या तीन गटांत, बसवले. बाभळीचं तर विचारूच नका. १७५३ मध्ये लिनियसने तिला लाजाळूसोबत मायमोसा या वंशात टाकलं, पुढच्याच वर्षी मिलरने अकॅशिया वेगळी काढली. मग कळलं की अकॅशिया हा एक गोतावळाच नाही. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेने ते नाव ऑस्ट्रेलियातल्या हजारेक जातींना दिलं. आपली बाभूळ आता वॅचेलिया, खैर सेनेगालिया. आमचे आजोबा झाडं ओळखायचे ती काटा, लाकूड आणि बकरी तोंड लावते का यावरून. तेवढं पुरत होतं. बाकी सगळा विद्यापीठांचा उद्योग.

संत्रावाली, वरूड:
भाऊ, बाभूळ सोडा, संत्र्यावर या. बुंध्यातून डिंक गळायला लागला की लोक कृषी केंद्रातून कार्बेन्डाझिम आणतात, बुरशीनाशक आहे म्हणून. डिंक्या करणारा फायटोफ्थोरा दिसतो बुरशीसारखा, पण बुरशी नाही. त्याचे नातलग समुद्रातली तपकिरी शेवाळं. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, याच्या भित्तिकेत सेल्युलोज. कार्बेन्डाझिम याच्यावर चालत नाही, मेटॅलॅक्झिल चालतं. आजोबांच्या नजरेनं दोन्ही एकच दिसले असते, आणि पैसे मातीत.

वावरातला, मोर्शी:
ताई, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मिलार्देने १८८५ मध्ये द्राक्षाच्या केवडा रोगावर आणलं. केवड्याचा जंतूही तुमच्या फायटोफ्थोराच्याच गोतातला. त्या काळी पुस्तकात तो बुरशीच होता, तरी औषध लागू पडलं. आपण आजही बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतो. औषध आधी आलं, वंशावळ मागून.

पऱ्हाटीवाला:
काहून भांडून राह्यले बाप्पा? लिंबूवर्गात स्विंगलले १६ जाती दिसल्या, तनाकाले १६२. झाडं तेच! दोन मोठ्या शास्त्रज्ञाईचं जमत नाही, अन् आपण इथं रात्री दहा वाजता मोबाईलवर ठरोतो.

शाळामास्तर:
तो आकडा खरा आहे, पण तो वंशावळीच्याच बाजूचा पुरावा समजा. लिंबूवर्गातली झाडं आपसात सहज संकर करतात आणि पुष्कळदा बी आईचीच हुबेहूब नक्कल देते. त्यामुळे एखादा संकर शेकडो वर्षं जसाच्या तसा टिकतो. तनाकाने असे कितीतरी प्रकार स्वतंत्र जाती धरले, स्विंगलने एकत्र केले. दिसण्यावर मोजत बसलं तर हा वाद कधीच संपला नसता. डीएनएने दाखवलं की मूळ पूर्वज मोजकेच: पपनस, महाळुंग, संत्र्याचा गट आणि आणखी थोडे. मोसंबीत पपनस आणि संत्रं दोन्ही आहेत. ज्या जंबेरीच्या खुंटावर आपण डोळा बांधतो, तीसुद्धा महाळुंग आणि संत्र्याच्या गटाचा संकर.

संत्रावाली, वरूड:
बोर्डोचं उत्तर देते. तांबं बहुतेक सगळ्यांनाच मारतं, म्हणून तिथं गोत चुकलं तरी निभावलं. हेक्झाकोनाझोल या बुरशीनाशकाचं तसं नाही. ते बुरशीला तिच्या पेशीच्या पापुद्र्याला लागणारं एर्गोस्टेरॉल बनवू देत नाही, आणि फायटोफ्थोरा एर्गोस्टेरॉल बनवतच नाही. उद्या त्याच कामाचं नवं औषध दुकानात आलं, तर फवारायच्या आधीच मला सांगता येईल की डिंक्यावर ते घेऊ नका. न वापरलेल्या औषधाबद्दल तुमचा काटा-लाकूड हिशेब काय सांगणार?

वावरातला, मोर्शी:
रोगापुरतं मानलं. बाभळीचं मानत नाही. ज्या झाडावरून अकॅशिया नाव पडलं, त्याच्याकडूनच ते काढून घेतलं. हे नात्याचं शास्त्र नाही, मतदान आहे.

शाळामास्तर:
मतदान नावावर झालं. वंशावळीतल्या फांद्या वेगळ्या आहेत, हे कुणी हात वर करून ठरवलं नव्हतं.

वावरातला, मोर्शी:
मग सर, नाव त्यांना का? त्यांच्या जाती जास्त म्हणूनच ना?

पऱ्हाटीवाला:
आता बोला मास्तर.