काठमांडूला मंडळीच्या सेवापथकाबरोबर जायचे आहे : कायदा आणि कामाचे स्वरूप यांबाबत मार्गदर्शन हवे

पुणेकर परिचारिका :
सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. आमच्या मंडळीतील (चर्चमधील) तरुणांचे एक पथक दिवाळीनंतर दोन आठवड्यांच्या सेवेसाठी काठमांडूला जाणार असून मीही त्यात आहे. सकाळी आरोग्य शिबिर, दुपारी एका बालगृहात मुलांबरोबर खेळ व गाणी आणि संध्याकाळी वस्त्यांमध्ये सुवार्तेची (येशूच्या शुभसंदेशाची) पत्रके वाटणे, असा कार्यक्रम आखला आहे. व्हिसा लागत नाही आणि पाट्या देवनागरीत असतात, त्यामुळे पथकातल्या बहुतेकांना हा प्रवास नाशिकला जाऊन येण्याइतका सोपा वाटतो. माझ्या वडिलांना मात्र पत्रकांची धास्ती वाटते. तिथला कायदा नेमका काय आहे आणि आमच्यासारख्यांचा तिथे खरा उपयोग कोणता, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निवृत्त पाळक, अहिल्यानगर :
ताई, तुमच्या वडिलांचे म्हणणे रास्त आहे. नेपाळच्या 2015 च्या संविधानातील कलम 26 प्रत्येकाला स्वतःचा धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य देते, परंतु त्याच कलमाचे तिसरे उपकलम दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते. ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत धर्मांतर करणे, तसा प्रयत्न करणे किंवा त्याला चिथावणी देणे, या तिन्हींसाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी परदेशी असेल, तर शिक्षा भोगून झाल्यावर त्याची देशातून रवानगी होते. भारतीयाला व्हिसा लागत नसला, तरी या कलमापुरते आपण परदेशीच ठरतो. शिवाय पथक दोन आठवड्यांनी परत येते, आणि पत्रकांबद्दल पोलीस चौकीत जाब द्यायला तिथला स्थानिक पाळक मागे राहतो.

हे बंधन नवे नाही. 1954 मध्ये अनेक मिशनांनी एकत्र येऊन ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ स्थापन केले, तेव्हापासून सरकारशी झालेल्या करारांत धर्मप्रसार न करण्याची अट होतीच. ती पाळूनच त्यांनी तानसेन या गावी रुग्णालय चालवले आणि काठमांडू खोऱ्यातल्या शांता भवन या राणा घराण्याच्या जुन्या महालात दवाखाना थाटला. पुढे 1982 मध्ये ललितपूरला पाटण रुग्णालय उभे राहिले, ते त्याच कामातून. मंडळ्या मात्र नेपाळी विश्वासणाऱ्यांनीच वाढवल्या आणि त्यासाठी तुरुंगवासही त्यांनीच सोसला. म्हणून पथकाला तिथे कोणी बोलावले आहे आणि त्यांनी स्वतः कोणते काम मागितले आहे, हे आधी विचारून घ्यावे.

सोलापूरचा तरुण संघ :
पाळकसाहेब, आदर राखून विचारतो. बायबलमधील मत्तयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील, सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची आज्ञा कायद्याच्या भीतीने बाजूला ठेवायची काय?

निवृत्त पाळक, अहिल्यानगर :
बाजूला ठेवावी, असे मी म्हटलेले नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर देण्यास सिद्ध राहा, असे सांगितले आहे. ज्याची भाषा धड येत नाही, त्याच्या हातात कागद कोंबून पुढच्या गल्लीत जाणे, ही त्या आज्ञेची पूर्तता आहे असे मला तरी वाटत नाही.

माजी बालगृह कार्यकर्ती :
मला दुपारच्या कार्यक्रमाची जास्त काळजी वाटते. काठमांडू खोऱ्यातील बालगृहांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. शिक्षणाचे आमिष दाखवून दलालांनी दुर्गम जिल्ह्यांतून मुले आणल्याची प्रकरणे वारंवार उघडकीस आली आहेत, आणि अशी बालगृहे प्रामुख्याने पर्यटकांच्या वाटेवरच्या जिल्ह्यांत एकवटलेली आहेत. पाहुणे येतात, फोटो काढतात, देणगी देतात. त्यामुळे मुले घरी परत पाठवण्यापेक्षा आहेत तिथेच ठेवण्यात संस्थेचा फायदा असतो. पंधरा दिवस गळ्यात पडणारी आणि मग कायमची निघून जाणारी ताई-दादांची रांग मुलांच्या मनाला काय करते, ते मी जवळून पाहिले आहे. हा भाग सरळ वगळावा; मुलांसाठी काही करायचेच असेल, तर त्यांना कुटुंबात परत पोहोचवणाऱ्या संस्थेला मदत करावी.

काठमांडूत राहणारा मराठी अभियंता :
थोडे व्यवहाराचे. विमानाने यायचे असल्यास पथकातल्या तरुणांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे, आधार कार्ड चालत नाही. येथील मंडळ्यांची मुख्य उपासना रविवारी नसून सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शनिवारी असते; 25 एप्रिल 2015 चा भूकंप शनिवारीच दुपारी बाराच्या सुमारास झाला, म्हणून कित्येक मंडळ्यांतील माणसे उपासना चालू असतानाच दगावली. दाराशी चपला काढाव्यात आणि पुष्कळ ठिकाणी जमिनीवर बसावे लागते, त्याची तयारी असावी. समोरचा दोन्ही हात जोडून ‘जयमसीह’ म्हणेल, तेव्हा तेच उत्तर द्यावे. भजने मादल या नेपाळी ढोलाच्या ठेक्यावर चालतात, आपल्या ढोलकीवाल्याला ती लगेच जमतील.

पुणेकर परिचारिका :
सर्वांचे मनापासून आभार. पत्रके आणि बालगृह वगळण्याविषयी मी पथकप्रमुखांशी आजच बोलेन. शिबिराचे काय करावे?

काठमांडूत राहणारा मराठी अभियंता :
आपली भारतातील नोंदणी येथे आपोआप लागू होत नाही, त्यामुळे रुग्ण तपासण्यापूर्वी नेपाळ नर्सिंग कौन्सिलची परवानगी लागेल. यजमान मंडळी एखाद्या रुग्णालयाशी जोडलेली असेल, तर शिबिर त्या रुग्णालयाच्या नावाने आणि त्यांच्याच डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे. पुण्याहून औषधांच्या पिशव्या भरून आणू नयेत. परवानगी मिळाली नाही, तरी मंडळीतल्या बायकांना रक्तदाब मोजायला शिकवणे, जुलाब झालेल्या बाळाला जीवनजल (ओआरएस) कसे आणि किती द्यावे ते करून दाखवणे, अशी कामे यजमानांना विचारून नक्की करता येतील. रक्तदाब मोजण्याची यंत्रे येथेच विकत घ्यावीत, म्हणजे बिघडल्यास दुरुस्ती होते, आणि जाताना ती मंडळीकडे ठेवून जावीत.