मदत हवी आहे: सायकलचे जुने भाग विकतोय, गिऱ्हाईक दारात आलंय, आणि ठरलेला भाव पुन्हा पाडून मागतंय

अर्धी_चेन

नमस्कार मंडळी,

सायकलवर १२ स्पीड (मागे १२ दातेरी चक्रं असलेले गिअर) चढवलं. काढलेलं ११ स्पीडचं सामान चार महिने खोक्यात पडून होतं, ते ऑनलाइन विकायला काढलं आणि डोक्याला ताप करून घेतला. अनुभवी लोकांनी जरा सांगा, मी कुठे चुकलो.

खोक्यात काय आहे: शिमानो अल्टेग्रा आर८००० चा क्रँकसेट (पेडलच्या दांड्या आणि पुढची दातेरी चक्रं; दांडी १७० मिमी, दाते ५०/३४), त्याच ग्रुपसेटचे (गिअर-ब्रेकच्या संचाचे) शिफ्टर म्हणजे गिअर बदलायचे खटके, पुढचा-मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आणि रिम ब्रेकची जोडी. शिवाय कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा), चेन, एक कार्बन हँडलबार आणि पेडलची जोडी.

भाव कसा ठरवला तेही लिहितो, कारण घोळ कदाचित तिथेच असेल. असंच सामान विकणाऱ्या दहा-बारा जणांच्या जाहिराती पाहिल्या, सरासरी काढली आणि घासाघीस होणारच म्हणून वर दहा टक्के चढवले. एवढाच अभ्यास.

मग मेसेज सुरू झाले. निम्म्या लोकांचा पहिलाच मेसेज 'शेवटचं सांगा'. नमस्कार नाही, कुठला भाग हवाय तेही नाही. एकाने सांगितल्याच्या तिसऱ्या हिश्श्यात सगळं खोकं मागितलं. मी रागाने उत्तरच दिलं नाही, तर दोन दिवसांनी त्याचा पुन्हा मेसेज: 'मग काय ठरलं?'

एक माणूस मात्र नीट बोलला. क्रँकसेट, शिफ्टर आणि मागचा डिरेलर हवा होता. किती किलोमीटर झालेत, सायकल कधी पडली होती का, का विकताय, सगळं विचारलं. दोन फेऱ्यांत भाव ठरला, मी चढवलेले दहा टक्के आणि वर थोडे सोडले. शनिवारी येऊन घेऊन जातो म्हणाला, मी 'ठेवतो' म्हणालो. मधे गुरुवारी दुसऱ्याने त्याच तीन वस्तूंना जास्त पैसे देऊ केले. शब्द दिलाय म्हणून मी नाही सांगितलं.

शनिवारी हा आला. शिफ्टर दाबून पाहिले, डिरेलर हलवून पाहिला, सगळं ठीक. मग क्रँक उलटा केला, मोबाइलचा उजेड पाडून आतल्या बाजूला काहीतरी वाचलं आणि म्हणाला, "हा जुन्या लॉटचा आहे, याचे निम्मेच होतील." दारात उभा राहून! मी म्हणालो, ठरलं तेच द्या, नाहीतर राहू दे. तो म्हणाला, राहू दे. गेला.

गुरुवारवाल्याला मेसेज केला, तर तो आता पहिल्यापेक्षाही कमी देतोय. म्हणजे शब्द पाळून मीच गाढव ठरलो.

प्रश्न दोन. एक, जुन्या भागांचा रास्त भाव काढायचा कसा? दोन, ठरल्यानंतर दारात भाव पाडणाऱ्याशी वागायचं कसं?

फ्रीव्हील

पहिल्या प्रश्नापुरतं. जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव, मिळालेला नाही. जे विकलं जात नाही तेच महिनोन्‌महिने दिसत राहतं, त्यामुळे तुमची सरासरी ही न विकल्या गेलेल्या मालाची सरासरी आहे. विकून संपलेल्या वस्तूंचे भाव कुठे दिसत असतील तर ते बघा.

आणि तुम्ही नवीन घेतलं तेव्हाचं बिल विसरा. तोच भाग, किंवा त्याच्या जागी बसणारा नवीन भाग, आज सवलतीत केवढ्याला मिळतो ते बघायचं आणि तिथून खाली यायचं. मी स्वतः कमी वापरलेल्या शिफ्टर-डिरेलरला त्याच्या साधारण निम्मे ते साठ टक्के धरतो. हा माझा अंदाज, कुणाचा नियम नाही. कॅसेटची झीज बघून ठरवतो. वापरलेली चेन विकत नाही.

चेन मोजलीत का? नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंचात बसतात. त्याच २४ कड्या १/१६ इंच जास्त भरल्या तर चेन साधारण अर्धा टक्का वाढलीय, आणि ११-१२ स्पीडला ती तिथेच बदलायची असते. अशी चेन बराच काळ चालवली असेल तर कॅसेटचे दातही तिच्याच मापाने झिजलेले असतात. घेणारा त्यावर नवी चेन चढवतो, जोर लावला की ती दातांवरून उडी मारते, आणि मग तो तुम्हाला शिव्या घालतो. चेनचं माप लिहून टाकलंत तर कॅसेटवरची अर्धी घासाघीस तिथेच थांबेल.

सगळं एकगठ्ठा विकायचं की सुटं, तेही आधी ठरवा. सुटं विकलं तर पैसे जास्त येतात, पण शिफ्टर पहिल्या आठवड्यात जातात आणि पुढचा डिरेलर वर्षभर सांभाळावा लागतो. माझ्याकडे तीन आहेत. कुणाला हवेत?

गंजकांती

अहो, गाढव कसले? शब्द पाळलात ते बरोबरच केलंत. घासाघीस करायला माझी ना नाही, पण ती 'हो' म्हणेपर्यंत. त्यानंतर भाव बदलायला एकच कारण चालतं: वस्तू सांगितली तशी नाही. ओरखडा फोटोत नव्हता, बेअरिंग खरखरतंय, माप वेगळं निघालं, तर बोला. "एवढेच आणलेत" हे कारण नाही. माझ्या दारात कुणी ते म्हटलं, की मी वस्तू आत नेऊन ठेवतो आणि पाणी विचारतो.

'शेवटचं सांगा'वर रागावू नका. 'लिहिलंय तेच, तुम्ही किती देताय ते सांगा' एवढं लिहून मोकळं व्हायचं. सत्तर टक्के गप्प होतात. तिसऱ्या हिश्श्यात मागणाऱ्यालाही 'जमणार नाही' हे दोन शब्द लिहावेत, नाहीतर तो वाट बघत बसतो. तुमच्याकडे तेच झालं.

आणि 'ठेवतो' म्हणताना कुठवर ते सांगायचं. शनिवार दुपारपर्यंत तुमचं, नंतर पुढच्याचं. त्या पुढच्यालाही तेव्हाच सांगून ठेवायचं की तुमचा नंबर दुसरा. तुम्ही गुरुवारवाल्याला सरळ नाही म्हणालात, मग स्वतःच परत गेलात. तुमची गरज त्याला कळली, म्हणून त्याने भाव पाडला.

तिरपी_चेन

थांबा जरा. क्रँकच्या आत त्याने काय वाचलं? दोन अक्षरं असतील. ती बघून इथे लिहा, मग त्या माणसाला नावं ठेवू.

अर्धी_चेन

@तिरपी_चेन, आता बघितलं. बरंच पुसट आहे, पण 'क्यूसी' दिसतंय. क्वालिटी चेकचा शिक्का असावा?

तिरपी_चेन

नाही. ती तारीख आहे. शिमानोच्या भागांवर पहिलं अक्षर वर्षाचं आणि दुसरं महिन्याचं असतं. २००२ ला 'ए' धरून पुढे मोजत गेलात की 'क्यू' म्हणजे २०१८. 'सी' म्हणजे मार्च.

आता मुद्द्याचं. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने ११ स्पीडच्या काही क्रँकसाठी तपासणी आणि बदलून देण्याची मोहीम जाहीर केली. हे क्रँक आतून पोकळ आहेत, दोन तुकडे चिकटवून केलेले, आणि काहींचा तो जोड सुटू शकतो. मॉडेल अल्टेग्रा ६८०० आणि आर८०००, ड्युरा-एस ९००० आणि आर९१०० (पॉवर मीटरवालाही, म्हणजे पेडलवरचा जोर मोजणारा). जून २०१२ ते जून २०१९ मध्ये बनलेले, म्हणजे कोड 'केएफ' पासून 'आरएफ' पर्यंत. तुमचा बरोबर मधे बसतो.

याचा अर्थ तुमचा क्रँक खराब आहे असा नाही. शिमानोच्या अधिकृत विक्रेत्याकडे नेऊन तपासून घ्यायचा, जोड सुटायला लागल्याची खूण दिसली तर बदलून मिळतो. पण तपासणी न करता तो विकू नका. निम्म्यात नाही, पावात नाही, फुकटही नाही. उभं राहून पेडल मारताना क्रँक दुभंगला तर माणूस तोंडावर आपटतो.

अर्धी_चेन

बाप रे. मी त्यावर चार वर्षं घाट चढलोय.

म्हणजे तो भाव पाडायला आला नव्हता, त्याला खरंच कारण होतं? आणि मी त्याला घालवून दिलं.

गंजकांती

माझा वरचा प्रतिसाद निम्मा मागे घेतो. तुम्ही रागावलात ते माहीत नसल्यामुळे. पण तो माणूसही धुतल्या तांदळाचा नाही. कोड त्याला वाचता येत होता. मग 'जुन्या लॉटचा आहे' एवढंच का म्हणाला? 'याची तपासणी करायला सांगितलंय, बघून घ्या' असं सरळ म्हणाला असता तर तुम्ही दार लावलं नसतं. आपल्याला कळलेला दोष समोरच्याला न सांगता त्याचा भाव करायचा, ही घासाघीस नाही, लबाडी आहे.

फ्रीव्हील

असेलच असं नाही. कुणाच्या दारात उभं राहून 'तुमचा माल धोक्याचा आहे' म्हणणं प्रत्येकाला जमत नाही. मी गेलो असतो तर मीही पुटपुटलोच असतो.

गंजकांती

पुटपुटायचं, पण निम्म्यात मागायचं नाही ना!

उलटा_आटा

क्रँकचं राहू द्या, त्या कार्बन हँडलबारबद्दल कुणीच विचारलं नाही. सायकल पडली होती का? वर लिहिलंय की त्या माणसाने विचारलं, पण तुम्ही काय उत्तर दिलंत ते लिहिलं नाही.

अ‍ॅल्युमिनियम बहुतेकदा वाकून सांगतं. कार्बन आतून तडकून वरून छान दिसू शकतं, आणि एक दिवस एकदम जातं. स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाचे) बोल्ट टॉर्क पाना (किती आवळलं ते मोजणारा पाना) न वापरता आवळले असतील तरी क्लॅम्पच्या जागी बारीक चीर असू शकते. मी वापरलेला कार्बन हँडलबार विकत घेत नाही आणि विकतही नाही. फोटोवरून त्याचा भाव करणं म्हणजे आंधळ्याने रंग ठरवण्यासारखं.

पेडलच्या फोटोत आट्याची बाजू नक्की टाका. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. कुणीतरी उजवं समजून जोर लावलेला असतो आणि आटे गेलेले असतात. माझ्या नावावरून ओळखा, कुणी ते.

अर्धी_चेन

@उलटा_आटा, पडली होती. एकदा, वळणावर वाळूत, हँडलच्या उजव्या बाजूवर. त्याला मी 'तशी नाही' असं सांगितलं होतं. खोटं बोलावं असं मनात नव्हतं, मला खरचटलं नव्हतं म्हणून मी ते पडणं धरतच नव्हतो. आता लिहिताना लाज वाटतेय.

जोडीतलं_एक

एक विचारू? तुम्ही 'घासाघीस होणारच' म्हणून दहा टक्के वर चढवलेत. मी तसं करणं सोडलं. जो तुमच्यासारखाच सभ्य असतो आणि घासाघीस करत नाही, तोच ते दहा टक्के भरतो. चिकट माणूस ते सोलून काढतोच. आता मी हवा तेवढाच भाव लिहितो आणि शेजारी लिहितो, 'भाव पक्का, पण दोन वस्तू एकत्र घेतल्या तर पोस्टाचा खर्च माझा'. समोरच्याला काहीतरी मिळवल्याचं समाधान मिळतं आणि मला पार्सल एकदाच बांधावं लागतं.

आणि पैसे येण्याआधी पार्सल हलवू नका. 'चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा' म्हणणारा भेटला तर एक पैसाही परत पाठवू नका. आधी स्वतःच्या खात्यात खरंच काय आलंय ते बघा.

अर्धी_चेन

आठ दिवसांनी लिहितोय.

शनिवारवाल्याला मेसेज केला. कोडचं आता कळलं, क्रँक विक्रीतून काढला, आणि सायकल एकदा पडली होती, तेही सांगितलं. त्याचं उत्तर तासाभराने आलं: 'मी पण नीट सांगायला हवं होतं.' त्याच्या ओळखीच्या एकाचा असाच क्रँक बदलून मिळाला होता म्हणे, म्हणून नजर तिकडे गेली. निम्मे का म्हणाला, ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

शिफ्टर आणि डिरेलर तो घेऊन गेला. तीन वस्तूंच्या ठरलेल्या भावातून क्रँकचा हिस्सा वजा केला, आणि पडण्याबद्दल मी आणखी थोडे कमी केले. तो नको म्हणत होता. म्हणजे या वेळी दारात उलटी घासाघीस झाली.

क्रँक तपासायला दिलाय. हँडलबार करवतीने मधोमध कापला, नाहीतर कचऱ्यातून उचलून कुणीतरी चढवला असता. चेन मोजली, १/१६ च्याही पुढे आहे, तीही गेली. कॅसेटच्या जाहिरातीत हे माप लिहिलंय, त्यामुळे अजून कुणी विचारलेलं नाही.

हवा_कमी

ब्रेकची जोडी आहे का अजून? शेवटचं सांगा.

अर्धी_चेन

@हवा_कमी, आहे. पॅड संपलेत, ते नवे घ्यावे लागतील, आणि मागच्या कॅलिपरवर (ब्रेकच्या चिमट्यावर) वाळूत पडल्याचा ओरखडा आहे, फोटो टाकतो. तुम्ही किती देताय?