सिल्कसाँग, एक्स्पिडिशन ३३ की वाइल्ड्स? चार जीबी ग्राफिक्स कार्डाच्या लॅपटॉपवर काय घेऊ?

सातपूरची_रात्रपाळी
नमस्कार मंडळी. सातपूरला कंपनीत आहे, पाळ्या बदलत्या. खेळायला मिळतो तो घरचे झोपल्यावरचा तासभर. लॅपटॉप गेमिंगचा आहे पण जुना: ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०५०, चार जीबीवालं, १६ जीबी रॅम. एकच गेम घ्यायचाय. यूट्यूबवर बघावं तर सगळंच ‘मास्टरपीस’, आणि स्टीमवर (गेमचं ऑनलाइन दुकान) खाली लोकांची मतं वाचावीत तर त्याच गेमला शिव्या. ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३’, ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ आणि ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ यांत अडकलोय. रविवारी नाशिकरोडचा मामेभाऊ येतो (बारावीत आहे, मामीला सांगू नका), त्याच्यासोबत खेळता आलं तर सोन्याहून पिवळं. दहापैकी किती वगैरे नको, माझ्यासाठी काय ते सांगा.

गंगापूररोडकर
वाइल्ड्स आधी काट. फेब्रुवारी २०२५ मध्ये आला तेव्हा समीक्षकांनी चांगले गुण दिले, पण पीसीवाल्यांनी स्टीमवर पार धुतला, कारण गेम अडखळत चालत होता. दोन्ही बाजू खऱ्याच. शिकार मजेदार आहे, पण त्यांची किमान अपेक्षाच सहा जीबीच्या कार्डाची. तुझं चार. विषय संपला.

निवांत_नाशिककर
एक्स्पिडिशन ३३ बद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याचं कौतुक ऐकून लोक घेतात आणि मग ‘हे तर पाळीपाळीने मारामारी करायचं’ म्हणून वैतागतात.

फ्रान्समधल्या माँपेलिएच्या सँडफॉल नावाच्या छोट्या चमूने केलेला गेम. एप्रिल २०२५ मध्ये आला आणि डिसेंबरात द गेम अवॉर्ड्सचा वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. कथेची कल्पनाच जबरदस्त. दरवर्षी एक ‘चित्रकर्ती’ आकडा लिहिते, आणि त्या वयाची माणसं विरून जातात. आकडा ३३ वर आलाय. सुरुवातीचा निरोपाचा प्रसंग बघून मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

आता खटकणारं. भागांच्या आत नकाशा नाही, एकसारख्या वाटांत माणूस गरगरतो. शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवायला जमला की बाकीचे डावपेच निम्मे निरुपयोगी होतात, आणि नाही जमला तर साधी लढाईही जड जाते. शेवटाकडे तुमचे आकडे इतके फुगतात की बॉस (टप्प्याचा मोठा शत्रू) बोलायच्या आत मरतो. समीक्षकांनी हे लिहिलंय, पण कौतुकाच्या ढिगाखाली. शिवाय निर्मितीत एआय वापरल्यावरून इंडी (म्हणजे छोट्या स्वतंत्र चमूंचे) गेम अवॉर्ड्सने दिलेले पुरस्कार डिसेंबरातच परत घेतले, तेही माहीत असावं.

आणि हा गेम अनरियल ५ या जड इंजिनावर बनलाय. यालाही किमान सहा जीबीचं कार्ड सांगितलंय. चारवर सगळी सेटिंग खाली ओढून चालेलही कदाचित, पण ज्या चित्रांसाठी घ्यायचा तीच पुसट दिसणार.

तर्री_जास्त
सिल्कसाँग घे आणि गप बस. २० डॉलरचा गेम, तोही आपल्याकडे रुपयांत बराच स्वस्त. तुझा लॅपटॉप झोपेत चालवेल.

पंचवटीचा_पाव्हणा
थांबा, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सिल्कसाँग? अहो, दया करा.

गेम सुंदर आहे, वादच नाही. बनवणारी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची टीम चेरी, २०१९ मध्ये घोषणा, ४ सप्टेंबर २०२५ ला गेम हातात. त्या दिवशी गर्दीने गेमची ऑनलाइन दुकानं बंद पडली. पत्रकारांनाही आधी प्रत दिली नव्हती, त्यामुळे पहिले काही दिवस जो तो अर्ध्यावरून मत देत होता. तेव्हाची परीक्षणं त्या हिशोबानेच वाचा.

त्रास इथे आहे: कित्येक शत्रू एका फटक्यात दोन जीव खातात, आणि बॉसपाशी मेलात की बाकड्यापासून (जिथे बसलं की गेम सेव्ह होतो) परत तेवढी वाट तुडवायची. काही बाकड्यांवर टेकायलाही गेममधले पैसे लागतात! पहिल्याच पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) त्यांनी सुरुवातीचे दोन बॉस नरम केले, म्हणजे तक्रार अगदीच हवेतली नव्हती. तासाभरात एक बॉस मरेल याची खात्री नाही. मग झोप कुठून येणार?

तर्री_जास्त
परत चालत जाणं म्हणजे शिक्षा नाही, तेवढ्यात डोकं शांत होतं आणि बॉसची चाल कळते. सगळं सोपं पाहिजे असेल तर व्हिडिओ बघा ना.

पंचवटीचा_पाव्हणा
बरं महाराज. तुमची तर्री तुम्हाला लखलाभ.

सातपूरची_रात्रपाळी
भांडू नका हो 😄 दोघांचंही पटतंय, तीच तर अडचण. आणि मामेभावाचं काय? यात दोघांना खेळता येईल असा एकच होता, तोही गंगापूररोडकरांनी उडवला.

कॉलेजरोडची_ताई
मग प्रश्नच चुकीच्या तिघांत अडकलाय. ‘स्प्लिट फिक्शन’ बघ. हेझलाइट कंपनीचा, मार्च २०२५ चा. हा एकट्याने खेळताच येत नाही, दोघंच लागतात, आणि एकाने विकत घेतला की दुसरा फ्रेंड्स पासवर फुकट खेळतो. म्हणजे रविवारी एकाच पडद्यावर, आणि मधल्या वारी तो त्याच्या घरून (अभ्यास झाल्यावर!). किमान कार्ड चार जीबीचं जुनं जीटीएक्स ९७० सांगितलंय, तेव्हा तुझ्यावर सेटिंग जरा उतरवून चालायला हरकत नाही.

समीक्षकांची एक तक्रार मलाही पटली: संवाद बाळबोध आहेत आणि खलनायक पुठ्ठ्याचा. पण दर थोड्या वेळाने खेळच बदलतो. आता ड्रॅगन, जरा वेळाने अवकाशयान. मी आणि माझा भाऊ एरवी पाच मिनिटं एका खोलीत टिकत नाही, हा मात्र शेवटपर्यंत खेळलो.

स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. फक्त गेम उघडा ठेवून सेटिंगशी खेळत बसलात तर तोही वेळ मोजला जातो. आधी तेच उरका.

गंगापूररोडकर
+१. ताईंचं ऐक. एकट्याच्या रात्रींसाठी सिल्कसाँग पुढच्या सेलला घे, तो कुठे पळून जात नाही.

सातपूरची_रात्रपाळी
ताई, ठरलं. दोघांना दोन कंट्रोलर लागतील का? घरी एकही नाही.

कॉलेजरोडची_ताई
एकाच लॅपटॉपवर खेळताना एक तरी हवाच, दुसरा कीबोर्डवर बसतो. वायरवाला घे, स्वस्त पडतो. आणि कीबोर्ड मामेभावाला दे.