मदत हवी आहे : तीन वर्षं बंद पडलेला व्यायाम ६२ व्या वर्षी परत कसा सुरू करावा?

नमस्कार मंडळी. आम्ही जळगावचे. आमचे आप्पा वीस वर्षं रोज पहाटे मेहरुण तलावाला फेरी मारायचे. गुडघा दुखायला लागला आणि फिरणं सुटलं ते सुटलंच. त्यांचे कॅनव्हासचे बूट अजून दाराआड आहेत, तळव्याला तलावाकाठची वाळलेली माती तशीच. परवा गिरणीतून दळण आणलं, दुसऱ्या मजल्यापर्यंत तीनदा थांबले, कठडा धरून.

वाचलं ते असं. अमेरिकेत डॅलसला १९६६ साली विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तर वयाने जेवढी दमसासाची ताकद गेली होती, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांत गेली होती! पण पन्नाशीत सहा महिने हळूहळू व्यायाम वाढवला आणि वयाने गेलेली ताकद भरून आली. हे वाचून खूप धीर आला. पण ते पाचच जण, आणि आप्पा तर साठीच्या पुढे, वर बीपीची गोळी चालू.

कुणाच्या घरी साठीनंतर परत सुरुवात केली आहे का? आधी ईसीजी पुरतो की स्ट्रेस टेस्टही (पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती) करायला सांगतात? चालणं किती मिनिटांपासून, किती दिवसांनी वाढवलं? गुडघ्यामुळे सायकल बरी पडेल का? आणि आपल्याकडच्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात खंड न पडता कसं जमवता?

डॉक्टरांकडे सोमवारी नेतोय. काय काय विचारू, तेही सांगा.