मदत हवी आहे: दक्षिणेतल्या रानतेरड्यांच्या जुन्या हर्बेरियम शीट्स कशा वाचाव्यात?

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात वनस्पतिशास्त्र शिकवते. एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी निलगिरी, अण्णामलै आणि पळणी डोंगरांतले रानतेरडे निवडलेत. आपल्या कोरड्या माळावर राहून हा विषय कशाला, असं तिला बरेच जण विचारतात. पण अंगणातल्या तेरड्याचे एवढे भाऊबंद दक्षिण घाटात आहेत आणि त्यातले कितीतरी जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत, हे कळल्यापासून पोरगी झपाटली आहे. तिला अडवायची माझी अजिबात इच्छा नाही.

घोडं अडलंय ते शीट्सपाशी, म्हणजे दाबून वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांपाशी. तेरड्याचं खोड पाण्याने भरलेलं, पाकळ्या पापुद्र्यासारख्या. दाबलं की फूल कागदाला चिकटतं आणि स्कॅनमध्ये दिसतो नुसता तपकिरी डाग. आणि जात ठरते ती नेमकी फुलावरूनच: बाजूची निदलं (पाकळ्यांबाहेरची दलं), खालच्या निदलाची मागे गेलेली नळी किती लांब नि कशी वळलेली, जोडीजोडीने जुळलेल्या बाजूच्या चार पाकळ्या. इम्पेशन्स (तेरड्याचं शास्त्रीय नाव) स्कॅपिफ्लोरा, मॉडेस्टा, अकॉलिस या बिनखोडाच्या गटात तर कंदातून पानं आणि फुलांचा दांडा थेट वर येतो, म्हणजे खोडाचा आधारही गेला. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर नव्वदीतही, १९११ साली निधन होईपर्यंत याच कुळात गुंतले होते. का, ते आता समजतंय.

कोइमतूरच्या मद्रास हर्बेरियममध्ये कुणी बसून काम केलंय का? आमच्यासारख्या लहान विभागाला शीट्स उसन्या मिळतात का? की आधी पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहात लॉई, डॅल्झेली अशा सह्याद्रीतल्या जातींवर तिचा हात बसू द्यावा?

प्रतिसाद

मॅडम, आधी पुणेच करा. डॅल्झेलीचं पिवळं फूल पावसाळ्यात ताजंही बघायला मिळेल. ताजं आणि दाबलेलं शेजारी ठेवून पाहिलं की डोळा तयार होतो.

शीट्स संस्था संस्थेला उसन्या देते, विद्यार्थ्याला नाही. त्यापेक्षा विभागप्रमुखांचं पत्र आधी पाठवून तिथेच जाऊन बसलेलं बरं. बऱ्याच शीट्सच्या कोपऱ्यात कागदाची पुडी असते, तिच्यात सुटी फुलं सापडतात. प्रभारींनी परवानगी दिली तरच त्यातलं एखादं गरम पाण्यात भिजवून सुईने उघडायचं. ज्यावरून जातीला नाव दिलं गेलं त्या मूळ नमुन्याच्या, म्हणजे टाइप शीटच्या, वाटेला जायचं नाही. हातमोजे हवेतच, जुन्या शीट्सना पाऱ्याचं विष लावलेलं असतं. लेबलावरचं ठिकाण, उंची, तारीख आणि संग्राहकाचा क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्या.

नवे नमुने घ्यायचे असतील तर वनखात्याची परवानगी लागेल, आणि कंद उपटू नका. एक फूल उघडून त्याचे भाग बटर पेपरवर ओळीने मांडून दाबा, दोन-चार फुलं सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. रंग जागेवरच वहीत लिहा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, दाबलेल्या फुलात तेवढाही भरवसा नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार, सर. पुण्याला पत्र पाठवते. अल्कोहोलमधली फुलं नंतर शीटशी कशी जोडून ठेवायची? बाटलीवर आणि शीटवर एकच क्रमांक टाकला की पुरतं, की वेगळी नोंदवही लागते?